वीतभर माणसांची उंची ठरवताना

माझ्या कादंबरीतली माणसं जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या एका धाब्याच्या घराच्या भिंतीत राहतात. घर जुनं आहे. भिंती पांढऱ्या मातीच्या आणि दोन फूट जाड, वर सागाचे सरे, त्यावर मातीचं सपाट छप्पर, म्हणजे धाबं. घरात एक कुटुंब नांदतं आणि भिंतीत दुसरं, लहान माणसांचं. गोष्ट बरीच वर्षं मनात होती. लिहायला बसले तेव्हा पहिल्याच पानावर प्रश्न उभा राहिला: लहान म्हणजे केवढी?

बऱ्याच अद्भुतकथांमध्ये ‘चिमुकला’, ‘इवलासा’ अशा शब्दांवर वेळ मारून नेलेली असते. मग तो चिमुकला एका पानावर उंदरावर बसतो आणि पुढच्या पानावर दाराचा उंबरठा सहज ओलांडतो. मोठे वाचक दुर्लक्ष करतात, पण दहा वर्षांची मुलं असलं काही सोडत नाहीत. त्यांचा एकदा विश्वास उडाला की पुढे गोष्टीत मांजर आलं तरी त्यांना भीती वाटत नाही. म्हणून मी लिहिणं बाजूला ठेवलं आणि आधी उंचीचा निकाल लावायचं ठरवलं.

मापं आपल्या हाताचीच घेतली: अंगठा, टीच, वीत, हात. हिशेबासाठी साधं माणूस १६० सेंटिमीटर उंच आणि ५५ किलो वजनाचं धरलं. अंगठ्याएवढं माणूस म्हणजे ५ सेंटिमीटर, म्हणजे १:३२. वीतभर म्हणजे २० सेंटिमीटर, १:८. हातभर म्हणजे ढोबळ ४० सेंटिमीटर, १:४. पुढचं सगळं एका नियमातून निघतं. तो गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात नीट मांडला आहे. उंची आठपट कमी केली की अंगाचं क्षेत्रफळ ६४ पट कमी होतं आणि वजन ५१२ पट. उंची, कातडी आणि वजन एका पट्टीने आकसत नाहीत. गोष्टीतल्या लहान माणसाचं सगळं जगणं या तफावतीत असतं.

हातभर माणूस मी लगेच सोडून दिला. ४० सेंटिमीटरचं आणि ८६० ग्रॅमचं माणूस भिंतीत मावत नाही आणि लपूनही राहू शकत नाही. टीचभर माणूस १:११ च्या आसपास येतो. त्याच्या शेजारचं १:१२ हे माप १७२६ मध्ये गलिव्हरच्या गोष्टीतल्या लिलिपुट या चिमुकल्या माणसांच्या देशापासून चालत आलेलं आहे, परदेशातली बाहुलीघरंही बहुतेक त्याच मापाची असतात. माझ्या गोष्टीला वितेपेक्षा वेगळं असं त्यात काही मिळत नव्हतं. खरी ओढाताण झाली ती अंगठा आणि वीत यांच्यात.

अंगठ्याच्या बाजूने आपली परंपराच उभी होती. सत्यवानाच्या देहातून यम जो पुरुष ओढून काढतो, तो अंगठ्याएवढा. आदिपर्वातले वालखिल्य ऋषीही अंगठ्याएवढेच. कश्यपाच्या यज्ञासाठी ते सगळे मिळून पळसाचा एक देठ वाहून नेत असतात आणि वाटेत गाईच्या खुराच्या ठशात साचलेल्या पाण्यात गटांगळ्या खातात. इंद्र हसतो आणि त्यांना ओलांडून पुढे जातो. त्या अपमानातून पुढे गरुडाचा जन्म होतो.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. ज्याने तो रचला त्याने उंची अडथळ्यावरून ठरवलेली आहे. मी पाऊस उघडल्यावर शेतात जाऊन गाईच्या खुराच्या ठशात पट्टी घालून पाहिली. आमच्या काळ्या मातीत ठसा चांगला दोन-अडीच इंच खोल जातो. अंगठ्याएवढं माणूस त्यात बुडतं. वीतभर माणसाला तेच पाणी गुडघ्याच्या जरा वर लागतं. ते चिखलाने माखेल, चिडेल, पण जीव जाणार नाही. तेव्हा मला माझा प्रश्न उलटा करून मिळाला. माझ्या माणसांनी कशात बुडावं आणि कशात नुसतं भिजावं, कशाला घाबरावं आणि कशावर मात करावी, हे आधी ठरवायचं. उंची त्यातून निघते.

(जाता जाता एक हिशेब. वालखिल्य साठ हजार, असं परंपरा सांगते. ५ सेंटिमीटरच्या माणसाचं वजन १.७ ग्रॅमच्या आत भरतं. साठ हजारांचं मिळून सुमारे १०० किलो, म्हणजे एक क्विंटल. ते ज्या फांदीला उलटे लटकून तप करत होते, ती मोडलेली फांदी गरुडाने चोचीत धरली ती यांना सांभाळण्यासाठी. ऋषींचं वजन क्विंटलभर, हे कळल्यावर मला तो प्रसंग पहिल्यापेक्षा जास्त आवडायला लागला.)

पण हे १.७ ग्रॅम फार महत्त्वाचे आहेत. वजनाने जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी म्हणजे एट्रुस्कन चिचुंद्री, ती १.८ ग्रॅमच्या आसपास असते. तिचं काळीज मिनिटाला हजाराहून जास्त ठोके देतं आणि तिला सतत खात राहावं लागतं, कारण एवढ्याशा अंगातली ऊब धरून ठेवता येत नाही. म्हणजे अंगठ्याएवढं माणूस हे उष्ण रक्ताच्या जिवाच्या अगदी शेवटच्या पायरीवर उभं आहे. तपावर जगणाऱ्या ऋषींना ते चालतं. माझ्या माणसांना संसार करायचा होता, भांडायचं होतं, कानबाई देवीला रोटांचा नैवेद्य करायचा होता, रात्री निवांत बसून एकमेकांना गोष्टी सांगायच्या होत्या. एवढी उसंत अंगठ्याच्या मापात मिळत नाही.

तरी निकाल लागला तो विस्तवावरून, आणि तो मोठ्या मायमुळे. तिला मी गोष्ट सांगितली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “त्या काय खातस? रांधतस कसावर?”

विस्तव लहान करता येत नाही, ही अडचण मी तोवर मनावर घेतली नव्हती. माणूस आकसतं, घर आकसतं, पण ज्योत आकसत नाही. वात बारीक करत गेलं तर एका मर्यादेनंतर ती विझतेच. मी पुठ्ठ्याची वीतभर बाई कापली, डोक्यावर पदर रंगवला आणि तिला पणतीशेजारी उभी केली. कापसाच्या साध्या वातीची ज्योत अडीच सेंटिमीटर भरली. आठपट केली की २० सेंटिमीटर, म्हणजे चुलीतला चांगला जाळ. बाई पणतीशेजारी अगदी घरच्यासारखी दिसत होती. मग अंगठ्याएवढा पुठ्ठा कापून तिथे ठेवला. त्याच्या हिशेबाने तीच ज्योत ८० सेंटिमीटरची, कमरेच्या जवळ पोचणारी. त्यावर कोणी भाकरी थापून टाकणार नाही; तिच्यापासून लांब उभं राहावं लागेल. त्या रात्री वीत पक्की झाली.

पुढची गंमत भातुकलीने दाखवली. बहिणीकडचं पितळी पातेलं आणलं, तीन खडे मांडून त्यावर ठेवलं, खाली पणती. पाणी घातलं दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर. १:८ च्या घरात ते आपल्या पाच लिटरच्या पातेल्याएवढं होतं. पाणी बघता बघता उकळलं. खाली उतरवून मी वही उघडली आणि झालेलं सगळं सावकाश टिपून काढलं, तोवर पातेलं हाताला सोसवेल इतकं निवलं होतं. लहान भांड्याला पाण्याच्या मानाने आठपट जास्त अंग असतं, ऊब तिथून निघून जाते. म्हणजे या घरात स्वयंपाक लवकर होतो आणि त्याहून लवकर गार होतो. ताटं वाढून सगळ्यांची वाट बघत बसणं त्यांच्याकडे नाही. जेवण चुलीभोवतीच, पातेलं विस्तवावर असतानाच होतं, आणि उशिरा येणाऱ्याला कायम गार खावं लागतं. माझ्या गोष्टीतल्या एका भावाचा सगळा रुसवा या गार जेवणातून उभा राहिला.

जेवणाचा हिशेबही करावा लागला. लिलिपुटच्या गणित्यांनी गलिव्हरचं जेवण घनाने मोजलं आणि त्याला सतराशेहून जास्त माणसांचं अन्न ठरवून दिलं. १९३२ साली मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने मांडलं की प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. त्या हिशेबाने तिथलं उत्तर २७० च्या आत येतं. माझ्या १:८ मध्ये आपल्या एका माणसाच्या अन्नात त्यांची १०७ माणसं जेवतात. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) एक भाकर त्यांच्या अठराएक जणांना दिवसभर पुरते. एका कुटुंबाला आठवड्यातून दोन-तीन भाकरी गायब करणं पुरेसं आहे आणि त्याचा आळ खुशाल उंदरांवर जाऊ शकतो. मात्र अंगाच्या मानाने ते आपल्यापेक्षा जवळजवळ पाचपट खातात. भुकेचे प्रसंग लिहिताना हे विसरून चालत नाही: आपल्याला एक दिवस उपास पडणं आणि त्यांना पडणं यांत फार फरक आहे.

आणि दाणे. ज्वारीचा दाणा त्यांच्या हातात मोठ्या बोराएवढा येतो, तो शिजवायचा म्हणजे फोडूनच. आपलं दळलेलं पीठ त्यांना भरड्यासारखं लागतं, म्हणून भिंतीत त्यांचं स्वतःचं जातं असलंच पाहिजे. त्यांच्यासाठी ज्वारीच्या जागी काय येईल, हे शोधायला डबे उघडले तर खसखस निघाली. राजगिरा त्यांचा हरभरा. उन्हाळ्यात धाब्यावर वाळत घातलेलं सहा इंचांचं बिबडं, म्हणजे ज्वारीचा पापड, त्यांच्या लेखी चार फुटांचं आहे आणि ते उचलून न्यायला दोघं लागतात, वजनामुळे नाही, वाऱ्यामुळे.

ताकदीचं गणित मला सर्वांत सुखाचं वाटलं. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर असते, ती ६४ पट कमी होते. वजन मात्र ५१२ पट कमी होतं. म्हणून लहान माणूस अंगाच्या मानाने आठपट बळकट. जो गडी ५५ किलोचं पोतं पाठीवर घेतो, तो वीतभर झाला तर ८६० ग्रॅम उचलेल. केळ असतं साधारण १३० ग्रॅमचं. म्हणजे स्वतःच्या उंचीएवढं केळ खांद्यावर टाकून तो चालू लागतो आणि त्याला ते आपल्या आठ किलोंइतकंच जड वाटतं. केळीच्या बागांच्या मुलखात बसून गोष्ट लिहायची आणि हे चित्र वापरायचं नाही, हे शक्यच नव्हतं. फणी मात्र एकट्याची नाही, तिला तीन-चार जण हवेत. घड तर त्यांच्यासाठी डोंगर, त्यावर चढायचं आणि जागेवरच खायचं.

पडण्याचंही तसंच. गॅलिलिओने लिहून ठेवलं आहे की तीन-चार हातांवरून पडलेल्या घोड्याची हाडं मोडतात, कुत्र्याला त्याच उंचीवरून काही होत नाही. माझी माणसं धाब्यावरून अंगणात पडली तर खारीसारखी उठून चालू लागतात. त्यामुळे उंचीची भीती मी गोष्टीतून काढूनच टाकली. जिथे आपण श्वास रोखून धरला असता, तिथे ती मुलं सरळ उडी मारतात.

भीती ठेवली ती जनावरांची. किलोभराची घूस ५१२ पट केली की बैल होतो, आणि लांबीही तशीच भरते. साडेतीन किलोचं मांजर पावणेदोन टनांचं होतं. वाघ जेमतेम दोनशे किलोंचा असतो. चिमणी तेरा किलोंची, ती दाणे टिपायला आली की वाट सोडून उभं राहावं लागतं. पिंगळा मात्र उंचीने आणि वजनाने जवळपास माझ्या माणसाएवढाच, वीतभर आणि शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. रात्री तो धाब्याच्या कडेला येऊन बसतो, मान फिरवून बघतो. बरोबरीचा असा तो एकटाच शेजारी. कादंबरीत मी त्याला महत्त्वाची जागा दिली आहे. खरा वैरी गव्हाणी घुबड.

कपड्यांवर मी कल्पनेपेक्षा जास्त रेंगाळले, कारण कापूस आमच्या दारातला. साडीतला सूताचा धागा आठपट जाड करून पाहा, सुतळी होते. आपल्या चिंध्यांचे कपडे घालणारी लहान माणसं चित्रात गोड दिसतात, पण ती गोणपाट नेसलेली असतात. त्यांना पदर घ्यायचा असेल तर धागा स्वतः काढावा लागेल. बोंडातला एक तंतू मी काळ्या कागदावर ठेवून सरळ केला. इंचाहून थोडा लांब भरला. त्यांच्या हिशेबाने तो एक वीत लांब आणि शिलाईच्या दोऱ्याएवढा जाड. दोन-तीन तंतूंना पीळ दिला की त्यांचं सूत तयार. एका बोंडात एकाची गोधडी. वेचणी संपल्यावर पऱ्हाटीवर राहून गेलेला कापूस कोण नेतं, याचं उत्तर माझ्या गोष्टीत आहे.

हवामानाने मला घर निवडून दिलं. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ज्याच्या अंगाच्या मानाने कातडी आठपट, तो तापतो पटकन आणि सुकतो पटकन. हिवाळ्यात हेच उलटं. केळी थंडीने करपू नये म्हणून शेतकरी रात्री बांधावर धूर करतात, त्या रात्री ही माणसं उघड्यावर तग धरू शकणार नाहीत. पत्र्याच्या घरात ती जगलीच नसती. दोन फूट मातीची भिंत मात्र उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहते, आणि आठपट केली की आतून सोळा फूट रुंद भरते. कोनाडा एक फूट उंच असतो, म्हणजे त्यांची आठ फुटी छताची बैठकीची खोली. हे जुळलं तेव्हा मी टेप हातात घेऊन भिंतीपुढे किती वेळ उभी होते कोण जाणे.

चालण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळावर असतो. आपण ताशी ५ किलोमीटर चालतो, ते पावणेदोन चालतील. पावलं मात्र आपल्या पावणेतीनपट भरभर पडतील. घरापासून तापी नऊ किलोमीटर ठेवली आहे. पाच तासांची चाल, एका रात्रीत जाणं होतं, येणं होत नाही. गोष्टीचा मधला भाग त्यातून आला.

धुळ्याचा एक लेखक मित्र हे सगळं ऐकून म्हणाला, “ताई, अद्भुतातही एवढा जमाखर्च ठेवला तर अद्भुत राहतं कुठे?” मला त्याचा प्रश्न रास्त वाटला. माझं म्हणणं असं, की वाचकाकडे एकच गोष्ट उधार मागावी आणि ती मोठी मागावी. माझी उधारी मेंदूची आहे. माणसाचा मेंदू ५१२ पट लहान केला की अडीच-पावणेतीन ग्रॅम उरतो, जवळपास मोठ्या उंदराच्या मेंदूएवढा. मेंदूच्या पेशी काही तेवढ्या लहान होत नाहीत. तेवढ्या मेंदूत ओवी रचणारी बाई बसवणं हे अद्भुत, आणि ते मी डोळे मिटून घेतलं आहे. त्याचं स्पष्टीकरण कादंबरीत कुठेही नाही. बाकी विस्तव, पाणी, धागा, भूक सगळं रोखीने.

शेवटी राहिला आवाज, आणि त्याने गोष्टच फिरवली. स्वरतंतू आठपट आखूड झाले की आवाज आठपट उंच जातो, म्हणजे बरोबर तीन सप्तकं वर. बाईचा बोलण्याचा स्वर २०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २०० कंपनांच्या आसपास असतो, त्यांच्या बाईचा १६०० होईल. आपल्याला तो ऐकू येतो, पाखराच्या किलबिलीसारखा, जवळ कान नेला तर. (अंगठ्याच्या मापात पाच सप्तकं वर गेला असता, रातकिड्याच्याही पलीकडे.) त्यांचे कानही त्याच प्रमाणात वर सरकणार. आपल्याला २० हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही, त्यांना १६० च्या खालचं येणार नाही. पुरुषाचा आवाज १२० च्या आसपास असतो. त्यातले वरचे अंश तेवढे त्यांना खरखर म्हणून कळतील.

माझ्या आराखड्यात या लहान माणसांशी पहिलं बोलणं घरातल्या आजोबांचं होतं. ते ओसरीवर एकटे बसतात, रात्री त्यांना झोप नसते, सगळं छान जमत होतं. पण या उंचीच्या माणसांना आजोबांचं बोलणं कळणारच नाही. त्यांच्या लेखी आजोबा म्हणजे जमिनीची थरथर. मग मी घरातल्या आवाजांची यादी केली. बायकांचे आवाज त्यांच्या ऐकण्याच्या काठावर, लहान मुलांचे थोडे आत. आणि एकच आवाज असा, जो त्यांच्या बोलण्याच्या पट्टीत अगदी बरोबर बसतो: तोंडाने वाजवलेली शिट्टी. ती हजार ते दोन हजार हर्ट्झमध्ये असते, म्हणजे आपली शिट्टी हा त्यांचा साधा बोलण्याचा सूर.

म्हणून आता बोलणं होतं ते आजोबांच्या नातीशी. ती आठ वर्षांची आहे, पोरीने शिट्टी वाजवू नये म्हणून तिला घरात रोज बोलणी बसतात, आणि ती धाब्यावर जाऊन वाजवते. आजोबांना तिने काय ऐकलं ते सांगण्याचं काम तिच्याकडे आलं आहे. ते प्रकरण मी सध्या लिहिते आहे. शिट्टीत हो, नाही आणि मांजर या तीन गोष्टी सांगायची त्यांची खूण ठरली आहे, चौथी कोणती असावी यावर माझं आणि भाचीचं अजून एकमत होत नाही.